केडगावच्या पंडिताबाई

छपन्नियो म्हटले की गुजरातेतील जुन्या घरचा माणूस अजूनही क्षणभर थबकतो. संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा तो दुष्काळ. बडोदे राज्याच्या खानेसुमारीत त्याची नोंद कोरड्या आकड्यांनी झाली आहे. १८९१ साली राज्याची लोकसंख्या २४,१५,३९६ होती. १९०१ साली ती १९,५२,६९२ भरली. दहा वर्षांत वाढ व्हावयाची ती राहिलीच, उलट साडेचार लाखांहून अधिक माणूस कमी झाले. गेलेल्यांसाठी आपण हळहळतो. मागे राहिलेल्या पोरांचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. आईबाप गेलेली, किंवा आईबापांनीच पोटाच्या आगीपायी कोणाच्या तरी हवाली केलेली आठदहा वर्षांची मुलगी त्या वर्षी कोणाच्या हाती पडत असेल? कुंटणखान्यांचे दलाल दुष्काळाच्या वाटांवर फिरत असत, आणि जेथे अन्न वाटले जाई तेथेही मुलींची अब्रू निर्धास्त नव्हती.

गुजरातेतील अशा शेकडो मुली त्या साली आगगाडीने दक्षिणेत, पुण्यापलीकडील केडगाव नावाच्या एका लहानशा स्टेशनावर उतरल्या. त्यांना तेथे नेण्याची व्यवस्था करणारी बाई मराठी होती, चित्पावन ब्राह्मणाची मुलगी होती, विधवा होती आणि ख्रिस्ती झालेली होती. पंडिता रमाबाई हे नाव आपल्या घरांतून अपरिचित नाही. पण ते उच्चारताच बोलणे बहुधा धर्मांतरावर येते आणि तेथेच संपते. केडगावच्या त्या मुलींपर्यंत ते पोहोचतच नाही.

येथे एक खुलासा केलेला बरा. आपल्या आज्या ज्या रमाबाईंच्या आठवणी पुनःपुन्हा वाचीत, त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी. त्या निराळ्या, या निराळ्या. दोघींची पुण्यात चांगली ओळख होती, आणि पंडिताबाईंच्या सभेला जाण्यावरून रानड्यांच्या घरातील बायकांत वादळही झाले होते. पण एकीच्या वाट्याला भरल्या घराची छाया आली, दुसरीला घर असे कधी लाभलेच नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान आणि तितकेच हट्टी. बायकोला संस्कृत शिकवावयाचे असे त्यांनी मनात घेतले, नातलगांनी ते चालू देईनात, तेव्हा त्यांनी गाव सोडून अरण्यात आश्रम केला. ही बायको त्यांना कशी मिळाली ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. गोदावरीच्या घाटावर स्नानाला उतरलेल्या या चव्वेचाळीस वर्षांच्या विधुराला एका यात्रेकरूने विचारपूस करून आपली नऊ वर्षांची मुलगी दिली. दुसऱ्या दिवशी बाप पुढच्या यात्रेला निघून गेला आणि पोर परक्या माणसाबरोबर शेकडो मैल दूर गेली. पुढे रमाबाईंनी इंग्रजीत जे पुस्तक लिहिले त्यात बालविवाहाचे उदाहरण म्हणून हीच गोष्ट आहे. ती आपल्या आईची आहे हे मात्र त्यांनी तेथे उघड केलेले नाही. मुलगी सुदैवाने भल्या माणसाच्या हाती पडली, एवढे सांगून त्या पुढे जातात. सुदैव म्हणजे काय, आणि ते नसते तर काय, हा विचार या बाईच्या डोक्यात जन्मभर होता असे मला वाटते.

रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच आश्रम मोडला. अतिथींना जेवू घालता घालता शास्त्रीबुवांचे सगळे द्रव्य संपले होते. वेताच्या पेटीत तान्ह्या मुलीला घालून ती माणसाच्या डोक्यावर दिली आणि कुटुंब यात्रेला निघाले. देवळात बसून पुराण सांगावयाचे, मिळेल त्या दक्षिणेवर राहावयाचे, असा तो क्रम वर्षानुवर्षे चालला. आईने पहाटे उठवून तोंडी पाठ द्यावे, मुलीने भागवताचे हजारो श्लोक पाठ करावेत. आमच्या गाण्याच्या विद्येतही हीच रीत होती, कागद नंतर आला. म्हणून मला या शिक्षणाचे नवल वाटत नाही, कौतुक मात्र फार वाटते. थोरल्या बहिणीचे लहानपणी लावलेले लग्न सुखाचे झाले नाही, तेव्हा धाकटीच्या बाबतीत शास्त्रीबुवांनी लोकांचे ऐकले नाही. सोळा वर्षांची झाली तरी मुलगी अविवाहित होती. त्या काळी हा केवढा अपराध होता हे आपल्या वाचकांना सांगावयास नको.

मग मद्रास इलाख्यातला मोठा दुष्काळ आला. भीक मागावयाची नाही हा कुळाचा बाणा, आणि मजुरी करावयाची सवय नाही. भांडीकुंडी, दागिने, कपडे सगळे विकून झाले, शेवटी झाडपाला खाऊन दिवस काढावे लागले. वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, पुढे बहीणही गेली. आईच्या प्रेताला खांदा द्यावयाला माणसे मिळेनात. कसेबसे दोघे ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमाबाई. उंचीने लहान, म्हणून तिने तिरडी खांद्याऐवजी डोक्यावर घेतली आणि मैलोगणती अंतर स्मशानापर्यंत चालत नेली. त्यानंतर भाऊबहीण हजारो मैल पायी हिंडली. उत्तरेच्या थंडीत अंगावर पांघरूण नाही, म्हणून नदीकाठी खड्डे करून अंगावर कोरडी वाळू ओढून ती रात्री निजत. हे सगळे सविस्तर सांगण्याचे कारण एवढेच, की वीस वर्षांनी दुष्काळातल्या मुली या बाईसमोर उभ्या राहिल्या तेव्हा तिला त्यांच्याविषयी कोणी काही समजावून देण्याची गरज नव्हती.

१८७८ साली भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी तिची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, आणि एका दिवसात या अनाथ मुलीचे नाव देशभर झाले. भाऊ १८८० साली वारला. त्याच साली तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, नोंदणीने लग्न केले. १८८१ साली मनोरमा झाली. १८८२ च्या आरंभी पतीला पटकी झाली आणि ते गेले. तेविसाव्या वर्षी कडेवर मूल घेऊन रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांसाठी वैद्यकीय शिक्षणाची मागणी केली. तेच शिक्षण स्वतः घ्यावयाचे म्हणून १८८३ साली त्या विलायतेस गेल्या. तेथे कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागल्याने डॉक्टरी सोडून द्यावी लागली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला, आणि पुण्यातील टाळ्या एकाएकी थांबल्या.

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ साली त्या फिलाडेल्फियास गेल्या त्या तेथेच दोन अडीच वर्षे राहिल्या. या मुक्कामात त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे फ्रेबेलची बालशिक्षणाची पद्धत त्या शाळेत जाऊन रीतसर शिकल्या. आणि दुसरे म्हणजे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे आपले पुस्तक १८८७ साली प्रसिद्ध केले. त्या पुस्तकात १८८१ च्या खानेसुमारीतले आकडे आहेत. नऊ वर्षांपर्यंतच्या विधवा ७८,९७६; दहा ते चौदा वर्षांच्या २,०७,३८८; पंधरा ते एकोणीस वर्षांच्या ३,८२,७३६. मिळून ६,६९,१००. विधवा हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे आलवणातली म्हातारी येते. रमाबाईंनी अमेरिकेला जे दाखविले ते अजून बाहुल्यांशी खेळण्याच्या वयाचे मूल होते. त्याचे केस काढले जात, त्याला एक वेळ जेवण मिळे आणि घरातल्या कोणाही पुरुषाची वाईट नजर त्याच्यावर पडली तर दोष त्याच्याच माथी येई. कायद्याचाही आधार नव्हता. लहानपणी लावलेले लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंना १८८७ साली मुंबईच्या कोर्टाने नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम दिला. याच रखमाबाई पुढे डॉक्टर होऊन वर्षानुवर्षे आपल्या सुरतेत इस्पितळ चालवीत होत्या. १८९० साली बंगालमध्ये फुलमणी नावाची दहाअकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या अत्याचाराने मेली तेव्हा कुठे संमतिवय दहाचे बारा झाले, आणि तेवढ्यासाठीही महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला हे प्रसिद्ध आहे.

बोस्टनला स्थापन झालेल्या मंडळीने दहा वर्षे पैसा पुरविण्याचे कबूल केले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे त्याच अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदन पुढल्या वर्षी पुण्यास गेले. मुलींनी आपापला धर्म पाळावा, स्वयंपाक निराळा असावा, अशी सोय होती. परंतु बाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत, आणि मुली आत येऊन बसू लागल्या. १८९३ साली याचा स्फोट झाला. केसरीने कडक लिहिले, रानडे आणि भांडारकर सल्लागारपणातून बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. या भांडणात न्याय कोणाच्या बाजूला होता याची चर्चा पुण्यात पुढे कैक वर्षे चालली. मला त्यातली एकच बाजू येथे मांडावयाची आहे. मुली काढून नेणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या मुलींसाठी घरी शिक्षणाची व्यवस्था केली? अण्णासाहेबांचा हिंगण्याचा आश्रम उभा राहावयास अजून काही वर्षे होती.

पुण्यात हे चालू असता रमाबाईंची नजर दुसरीकडे वळली होती. तीर्थयात्रेकरिणीच्या वेषात त्या वृंदावनास जाऊन आल्या. लहानपणी ज्या क्षेत्रांतून त्या पुराण सांगत हिंडल्या होत्या, तेथे बालविधवांचे काय होते ते त्यांनी या खेपेस मोठेपणाच्या डोळ्यांनी पाहिले. १८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला तेव्हा पैशाची तरतूद नसता त्या तिकडे निघाल्या. छावण्यांतून त्यांनी जे पाहिले ते त्यांनी लिहून ठेवले आहे, आणि ते आजही सहज वाचवत नाही. उपाशी मुली तर होत्याच. पण त्याहून वाईट म्हणजे ज्यांच्यावर त्यांना अन्न देण्याचे काम सोपविले होते त्यांच्यापैकीच काहीजण त्या अन्नाची किंमत त्यांच्या शरीरातून वसूल करीत होते. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आपल्याकडे आणल्या. शारदा सदन ब्राह्मण विधवांची शाळा होती. येथून पुढे जात हा प्रश्नच उरला नाही.

लगेच दुसरे संकट आले. १८९७ साली पुण्यात प्लेग शिरला, आणि सरकारी शोधपथके घरोघर फिरू लागली. सदनातील एक मुलगी सरकारी प्लेग इस्पितळात नेण्यात आली ती परत आलीच नाही. ती तेथील पहारेकऱ्याच्या तावडीत सापडली असे रमाबाईंचे म्हणणे होते. मिशनरी मंडळींवर, म्हणजे पर्यायाने गोऱ्या लोकांच्या मर्जीवर, ज्या बाईची संस्था चालत होती तिने गप्प बसणे सोयीचे होते. तिने मुंबईच्या बॉम्बे गार्डियन पत्रात जाहीर पत्र लिहून इस्पितळातील कारभाराची लक्तरे मांडली. विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाला. गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या सरकारने आरोप फेटाळून लावले. बाईंनी आपले म्हणणे सोडले नाही. त्यांना सरकारच्या आश्रित म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य पाहावे. तक्रार करणारी व्यक्ती परक्या धर्माची, आणि जिच्यासाठी तक्रार ती मुलगी अनाथ. अशा मुलीच्या बाजूने कोणी उभे राहत नसते, कारण तिच्या बाजूने उभे राहण्यात कोणाचाच फायदा नसतो.

प्लेगमुळे पुण्यात नव्या मुली ठेवण्यास मनाई झाली. रमाबाईंनी सोलापूरच्या रेल्वेमार्गावर केडगावजवळ सुमारे शंभर एकर माळरान आधीच घेऊन ठेवले होते; हेतू असा की फळबागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी. आता त्या माळावर तंबू आणि गवताच्या झोपड्या पडल्या. मुक्ती सदन १८९८ साली रीतसर सुरू झाले.

येथे जे काम झाले ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण चांगल्या माणसांचीही समजूत अशी असते की मुलाला वाईट जागेतून उचलून आणले, अन्न आणि छप्पर दिले, म्हणजे ते वाचले. केडगावास आलेल्या मुली लगेच कृतज्ञतेने हात जोडून उभ्या राहणाऱ्या नव्हत्या. कोणाच्या डोक्यात उवा आणि अंगावर फोड, कोणाचे पोट उपासाने इतके बिघडलेले की अन्न पचू नये. आणल्यावर काही थोड्याच दिवसांत मेल्या. ज्या जगल्या त्या भाकरी चोरून लपवीत, खोटे बोलत, मारामाऱ्या करीत. उद्या जेवण मिळेल यावर ज्याचा विश्वास नाही ते मूल भाकरी लपवणारच. ज्याला खरे बोलण्याबद्दल मार खावा लागला आहे ते खोटेच बोलणार. पुष्कळ आश्रमांत अशा मुलांना आधी शिस्त लावतात. रमाबाईंनी आधी जेवण नियमित केले.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती अशी, की शारदा सदनातल्या मोठ्या मुलींना, ज्या स्वतः बालविधवा होत्या, या लहान मुलींच्या आया आणि शिक्षिका केले. थोड्या थोड्या मुली एकेकीच्या सांभाळात दिल्या. मला यात मोठे शहाणपण दिसते. शेकडो मुलांना प्रेम करील अशी संस्था असूच शकत नाही. मुलाला एक माणूस लागते, जे रोज सकाळी तेच असते, संध्याकाळी तेच असते. आणि ते माणूस स्वतः दुःखातून गेलेले असेल तर पोराच्या आडमुठेपणाने ते दुखावत नाही. त्या मोठ्या मुलींनाही याचा लाभ झाला असला पाहिजे. ज्यांना आजवर अपशकुनी म्हणून दूर ठेवले होते, त्यांच्या कुशीत शिरावयास आता मुले धडपडत होती.

गाणे शिकविणाऱ्याच्या अनुभवातले थोडे सांगतो. सुभानपुऱ्यातील माझ्या वर्गाला कधी कधी असे मूल येते, की षड्ज लावावयास सांगितले तर त्याचा गळा मिटतो. मोठ्या आवाजाचा माणूस दारात आला की ते तंबोऱ्याच्या आड सरकते. त्याचे कारण पहिल्या दिवशी विचारून कळत नाही. असे मूल मी काही दिवस नुसते बसू देतो. तंबोरा ऐकावयाचा, वाटले तर छेडावयाचा. कधीतरी ते इतरांच्या आवाजात आपला आवाज मिसळते, आणि एकट्याने गावयास लागते ते त्याच्याही नंतर. या मधल्या काळात घाई करणारा शिक्षक काहीच मिळवीत नाही. केडगावात फ्रेबेलची पद्धत आली ती यासाठीच उपयोगी पडली असावी. मणी, माती, कागद, खेळ. तोंडाने सांगता येत नाही ते हातांना करू द्यावयाचे.

मोठ्या मुलींच्या हातांनाही काम मिळाले. विहिरी खणल्या, भाजीपाला लावला, गाईगुरे आली, माग बसले, तेलघाणा आला, छापखाना आला. यातून दोन पैसे सुटत हा भाग आहेच. परंतु जिचे शरीर आजवर दुसऱ्याने वापरले तिला आपल्याच हातांनी विणलेले कापड पाहून काय वाटत असेल, ते मला अर्थव्यवहाराहून महत्त्वाचे वाटते. आंधळ्या मुलींसाठी निराळा विभाग झाला; मनोरमाबाईंनी ठिपक्यांची ब्रेल लिपी शिकून घेतली आणि त्या मुलींना वाचता केले. म्हाताऱ्या, अपंग यांच्यासाठी प्रीती सदन झाले.

आणि कृपा सदन झाले. ज्यांच्यावर अत्याचार झाले होते, ज्या फसविल्या गेल्या होत्या, ज्यांना त्या वेळची सगळी भाषा पतित म्हणे, अशांसाठी ते घर होते. त्यांना निराळे ठेवण्यात त्या काळचा विटाळ थोडा होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण दार त्यांच्यासाठी उघडले होते ही गोष्ट अधिक मोठी. त्या वेळी महाराष्ट्रात अशा मुलीला घेणारी जागा फार थोडी होती. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, त्याच वाटेवरचे हे पुढचे पाऊल म्हणता येईल.

छपन्नियाच्या साली बाईंनी आपली माणसे गुजरातेत पाठविली. मध्यप्रांतातून आणलेल्या मुलींना जेमतेम तीन वर्षे झाली होती. केडगावच्या माळावरही त्या साली पाऊस नव्हता आणि विहिरी आटत चालल्या होत्या. तरी गाड्या भरभरून मुली आल्या. १९०० च्या सुमारास मुक्ती सदनात एकोणीसशेच्या घरात माणसे होती. एवढ्या तोंडांना रोज दोन वेळा घालावयाचे आणि ठरलेले उत्पन्न नाही! बोस्टनच्या मंडळीची दहा वर्षांची मुदत १८९८ सालीच संपली होती. आलेल्या मुलींना मराठी येत नव्हते, सांभाळणाऱ्यांना गुजराती येत नव्हते. आपल्याकडील कित्येक मराठी घराणी दोनशे वर्षांपूर्वी दक्षिणेतून येथे आली आणि गुजराती शिकली. या मुली उलट दिशेने गेल्या आणि मराठी झाल्या.

आता धर्माचा प्रश्न, जो टाळून चालणार नाही. दुष्काळातून आलेल्या या मुली फार मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाल्या. १९०५ साली केडगावात धर्मजागृतीची लाट उठली. शेकडो मुली रात्ररात्र रडत प्रार्थना करीत होत्या, आणि त्याची वार्ता विलायत अमेरिकेपर्यंत गेली. रमाबाईंना हे ईश्वरी कृपेचे चिन्ह वाटले. पण जिचे सर्वस्व गेले आहे आणि जिला अन्न, वस्त्र, माया हे सगळे एकाच हातून मिळाले आहे, त्या अल्पवयी मुलीने त्या हाताचा धर्म घेतला तर तो तिने निवडला असे कितपत म्हणावे? मला हा प्रश्न सुटलेला वाटत नाही. मुलाचे रक्षण करणाऱ्यानेही त्याच्या मनाचा काही भाग त्याच्यासाठी मोकळा सोडला पाहिजे, असे माझे मत आहे, आणि ते आजच्या कोणत्याही धर्माच्या आश्रमाला सारखेच लागू आहे. मात्र जे या प्रश्नाचा दाखला देऊन केडगावचे सगळे काम बाजूला सारतात त्यांनी हेही सांगावे, की त्या आगगाडीत ती मुलगी चढली नसती तर त्या रात्री ती कोठे असती.

आपल्या राज्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाह प्रतिबंधक निबंध केला; मुलीचे वय बारा आणि मुलाचे सोळा ठरविले. दंड भरून लग्ने लावणारे पुष्कळ निघाले, तरी कायदा झाला. १९०६ साली राज्यभर सक्तीचे शिक्षण आले. ब्रिटिश हिंदुस्थानात सारडा कायदा व्हावयास १९२९ साल उजाडावे लागले. पण कायदा दाराबाहेर उभा असतो. घरातल्याच, ओळखीच्या, मानाच्या माणसाकडून मुलाला त्रास होतो तेव्हा दार कोण उघडणार? २००७ साली केंद्र सरकारने १३ राज्यांत १२,४४७ मुलांची पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. मुलग्यांचाही त्यात मोठा भाग होता. २०१२ साली मुलांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा आला. त्याप्रमाणे असा प्रकार कळलेल्या प्रत्येकाने, मग तो शिक्षक असो, शेजारी असो की सख्खा काका असो, पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविणे हा गुन्हा आहे. १०९८ हा क्रमांक फिरविला तर दिवसा रात्री मदत मिळते. हे सगळे आपल्याला माहीत असते. तरीही आपल्या जुन्या घरांतून अशी गोष्ट उघडकीस आली की पहिला विचार घराण्याच्या नावाचा होतो, मुलीला आजोळी पाठविले जाते, आणि ज्याने केले तो सणाच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसतो. बॉम्बे गार्डियनला पत्र लिहिताना रमाबाईंपुढेही संस्थेच्या नावाचा प्रश्न होताच.

शेवटची वर्षे त्यांनी बायबलाच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. बहुजन स्त्रियांना समजेल अशी साधी मराठी असावी असा त्यांचा आग्रह होता. ते भाषांतर केडगावच्या छापखान्यात मुलींनीच जुळविले. कधी काळी भाकरी लपविणारे हात आता ग्रीक आणि हिब्रू खिळे ओळखीत होते. ऐकू तर त्यांना फारसे येतच नव्हते. पांढरे लुगडे, कापलेले पांढरे केस, आणि भोवती मुलींचा घोळका, अशी त्यांची छायाचित्रे आहेत. १९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेल्या. आपल्यामागे संस्था चालवील म्हणून जिला वाढविले ती एकुलती एक मुलगी चाळिसाव्या वर्षी आधी गेली. बाई पुन्हा कामाला बसल्या. भाषांतराची शेवटची पाने तपासून संपली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांचा अंत झाला.

मुक्ती मिशन आजही केडगावात आहे, आणि निराधार मुली व स्त्रिया आजही तेथे राहतात. पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी त्या स्टेशनावर थांबते.